सरावाचा शेवटचा चेंडू

तिसरा चेंडू सरळ छातीवर आला होता, तरी जोएलने तो नुसत्या उजव्या तळव्याने खाली दाबला आणि डावा हात पाठीमागे नेला. असला चेंडू शाळेतलं पोरही दोन्ही हातांनी कवटाळतं. नील ओल्डरॉइडने चौथा चेंडू बुटाखाली धरून ठेवला. मग नाडी सुटल्याचं निमित्त करून तो खाली वाकला आणि वाकूनच त्याने वर पाहिलं. जोएल डावं मनगट मांडीवर टेकवून ओठ चावत होता.

नील चेंडू काखेत मारून त्याच्याजवळ गेला.

"हात दाखव."

"कसला हात?"

"लपवलायस तो."

जोएलने इकडेतिकडे पाहिलं. सामना सुरू व्हायला अजून पस्तीस मिनिटं होती. गोलमागच्या स्टँडमध्ये नेहमीचे म्हातारे आपापल्या ठरलेल्या जागी येऊन बसत होते. व्हिनेगर शिंपडलेल्या चिप्सचा वास सुटला होता आणि टेकडीवरून येणारा वारा कोपऱ्यातली निशाणं फडफडवत होता. मे महिना उजाडला तरी ब्रॅकेनशॉ गावातला वारा काही हटत नाही. बाकीचा संघ मैदानाच्या मधोमध धावाधावी करत होता. या टोकाला दोघेच होते, पहिला गोलकीपर जोएल आणि दुसरा, म्हणजे राखीव, नील.

"गुरुवारी पडलो सरावात," जोएल हळू आवाजात म्हणाला. "विशेष काही नाही. मुरगळलाय जरा."

"फिजिओला दाखवलास?"

"वेडा आहेस का? ते बघ, आलेत ते दोघे." त्याने हनुवटीनेच मुख्य स्टँडकडे खूण केली. तिथे पहिल्या मजल्यावर निळे कोट घातलेले दोन गृहस्थ वह्या घेऊन बसले होते. जोएल असारे ज्या मोठ्या फुटबॉल क्लबाचा खेळाडू होता, तिथले ते लोक. जोएल इथे हंगामापुरता उसना आलेला होता. "जूनमध्ये माझा करार संपतो. आज त्यांनी मला खेळताना पाहिलं नाही, तर घरी पाठवतील. आजोबा, प्लीज, कुणाला बोलू नकोस. सगळे उजवीकडे मार फक्त."

"आणि सामन्यात? ते काय तुला विचारून मारणारेत, बाबा रे, कुठे मारू म्हणून?"

"सामन्यातलं मी बघतो."

नील मागे वळला आणि पंधरा पावलं मोजत आपल्या जागी आला. पस्तिसाव्या वर्षी त्याला आजोबा म्हणत. गोलकीपरच्या हिशेबाने पस्तीस म्हणजे काही फार नव्हे, पण डोक्यावरचे केस गेले होते आणि त्याच्याकडे जुनी, हीटर न चालणारी गाडी होती. एवढं पुरेसं होतं.

सामन्याआधीचा हा सराव म्हणजे खरं तर सराव नव्हेच. तो पहिल्या गोलकीपरला गोंजारण्याचा कार्यक्रम. दुसऱ्याने चेंडू असे मारायचे की ते जोरदार दिसावेत आणि अलगद हातात जावेत. पहिल्याला वाटलं पाहिजे की आज आपल्यापुढे कुणाची मात्रा चालणार नाही. आणि एक गोष्ट तर सगळ्या देशातल्या सगळ्या मैदानांवर पाळली जाते. शेवटचा चेंडू अडवू द्यायचा. तो जाळ्यात गेला तर पहिला गोलकीपर पडलेल्या चेहऱ्याने आत जातो, आणि मग दुपार वाया गेलीच म्हणून समजा.

या कामात नीलचा हात कुणी धरला नसता. पाय म्हणा हवं तर. गुडघ्याच्या उंचीचा, कमरेच्या उंचीचा, टप्पा पडून वर येणारा, हवेत वळणारा, ज्याला जसा आवडतो तसा तो वाढायचा. चौदा वर्षांत सहा क्लब झाले आणि सहाही ठिकाणच्या पहिल्या गोलकीपरांनी त्याचं कौतुक केलं. असा दुसरा गोलकीपर शोधून मिळायचा नाही, असं मॅनेजर लोक एकमेकांना फोनवर सांगत. त्यामुळे त्याला काम कधी कमी पडलं नाही. आणि त्यामुळेच त्याला पहिला करावं, असं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

लीगमधले सामने शून्य. किरकोळ चषकांचे सात झाले होते, ओल्या मंगळवारी, दीडदोनशे माणसांसमोर. पण लीगचा एकही नाही. पहिल्या क्लबातला कीपर कधी आजारी म्हणून पडला नाही. दुसऱ्या क्लबात कीपरचा खांदा निखळला, त्या आठवड्यात नील स्वतः अपेंडिक्स काढून इस्पितळात पडला होता. तिसरीकडे नवा मॅनेजर आला आणि येताना आपला कीपर घेऊन आला. पुढेपुढे नीलने कारणं लक्षात ठेवणं सोडून दिलं. बायको शेरिल आठ वर्षांपूर्वी सोडून गेली, तेव्हा दारात उभी राहून म्हणाली होती, "तू घरातसुद्धा राखीवच बसतोस, नील." ती रागाने म्हणाली नव्हती, त्यामुळे ते जास्त लागलं.

आणि या मंगळवारी गॅफरने त्याला खोलीत बोलावलं. गॅफर म्हणजे मॅनेजर हॅगर्टी. चांगला माणूस, फक्त समोरच्याच्या डोळ्याकडे बघून बोलायची त्याला सवय नाही.

"शनिवारचा शेवटचा सामना," खिडकीकडे बघत तो म्हणाला. "आपण तक्त्यात तेरावे आहोत. जिंकलो तरी तेरावे, हरलो तरी तेरावे. तू खेळ. पुढच्या हंगामासाठी तुझं नाव यादीत नाहीये, ते तुला ठाऊकच असेल. निदान एक तरी खेळून जा."

"हो, गॅफर," नील म्हणाला.

जिना तो दोनदोन पायऱ्या गाळत उतरला. ही गोष्ट कुणाला तरी सांगावी म्हणून त्याने गाडीत बसून फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत बघितली. शेरिलचं नाव होतं, पण ते कशाला. भाऊ पर्थला, तिथे तेव्हा मध्यरात्र. बाकी सगळे जुने गोलकीपर. त्याने फोन खिशात ठेवला. बुधवारी सकाळी जोएलला आणायला गेला तेव्हा गोष्ट अगदी ओठांवर आली होती. आठ महिने रोज सकाळी पावणेनऊला तो जोएलला त्याच्या भाड्याच्या खोलीच्या कोपऱ्यावरून गाडीत घ्यायचा आणि दुपारी तिथेच सोडायचा. दिवसभरात नीलचं जे काही बोलणं व्हायचं ते त्या गाडीत. पण बुधवारी जोएल दार लावता लावताच जूनच्या कराराचं घेऊन बसला, आईला काय सांगू, परत जाऊन काय करू, आणि नीलने आपली गोष्ट गिळून टाकली. म्हटलं, उद्या सांगू.

शुक्रवारी सराव संपल्यावर गॅफर त्याला वाहनतळावर गाठून म्हणाला की ते मोठे लोक येणार आहेत, पोरगा खेळताना त्यांना बघायचाय, नाही म्हणणं बरं दिसणार नाही. "तुला समजतंय ना?"

"हो, गॅफर. बरोबर आहे."

एवढंच तो बोलला. कुणीही काहीही सांगितलं तरी नील ओल्डरॉइड 'बरोबर आहे' म्हणायचा. घरी जाऊन त्याने बीन्सचा डबा उघडला, तो तसाच ओट्यावर ठेवला आणि अंथरुणात शिरला.

चौथा चेंडू त्याने उजवीकडे मारला. पाचवाही तिकडेच. जोएलने ते झकास अडवले, एक तर झेप घेऊन. स्टँडमधल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. निळ्या कोटातल्या एकाने वहीत काहीतरी टिपलं. लांबून बघणाऱ्याला वाटावं की पोरगा रंगात आलाय. आठवा चेंडू, नववा चेंडू. नील मारत होता आणि मनात एकच गोष्ट घोळत होती. फिजिओ साइडलाइनपाशी पाण्याच्या बाटल्या भरतोय. त्याला हाक मारली आणि 'पोराचं मनगट बघ' एवढे तीन शब्द बोललो, की झालं. पण ती चुगली झाली. पोराने विश्वासाने सांगितलंय. तोंडाने सांगता येणार नाही.

पण तोंडाने सांगायची गरजच नव्हती. एक चेंडू डावीकडे मारला की पुरे. त्यात कुणाला काय दिसणार? सरावात चेंडू दोन्ही बाजूंना मारतातच की. हा विचार आला तेव्हा नीलला स्वतःची शिसारी आली. आली, पण विचार गेला नाही.

"शेवटचा!" जोएल ओरडला. तो हसत होता. मनगट निभावलं म्हणून त्याला हायसं वाटलं होतं. त्याने उजवा हात वर करून कुठे हवा ते दाखवलं.

नीलने चेंडू ठेवला, चार पावलं मागे गेला आणि धावत आला. चौदा वर्षांत त्याने शेवटचा चेंडू कधी जोरात मारला नव्हता. हा मारला. तो छातीच्या उंचीवरून, हातभर डावीकडून गेला. गोलकीपर कितीही मनाशी घोकून असला की तिकडे हात न्यायचा नाही, तरी हात जाणारच, अशा बेताने. आणि हात गेलाच. चेंडू तळव्यावर आदळला, तळवा मागे दुमडला, आणि जोएलच्या तोंडून निघालेला आवाज मधल्या रेषेपर्यंत ऐकू गेला. चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. म्हणजे अडवला त्याने.

फिजिओ बाटल्या टाकून धावला. पाठोपाठ गॅफर आला, त्याने गुडघ्यावर पडलेल्या पोराकडे बघितलं, मग नीलकडे, म्हणजे नीलच्या खांद्यावरून पलीकडे.

"हातमोजे घाल," तो म्हणाला.

पहिल्या गोलकीपरला गोंजारायला आता दुसरा कुणी उरला नव्हता. कप्तान डॉम प्रीस्टली पुढे झाला. डॉम बचावातला माणूस, त्याच्या पायाला नेम माहीत नाही. त्याने नीलला सहा चेंडू मारले. चार स्टँडमध्ये गेले, एक गाडीतळाच्या दिशेने गेला, आणि शेवटचा जाळ्यात. "सॉरी, आजोबा," डॉम म्हणाला. "सामन्यात मी तुझ्याच बाजूने आहे, एवढं नशीब समज."

बाहेर पडायच्या बोळात दोन्ही संघ रांगेत उभे असताना जोएल आला. मनगटाला जाड पट्टी, वर बर्फाची पिशवी. त्याने उजव्या हाताने नीलचा दंड धरला.

"डॉक्टर म्हणाले, मनगटातलं छोटं हाड. तडा गुरुवारचाच असणार. तो हात घेऊन खेळलो असतो तर वर्षभर तरी बसलो असतो, असं म्हणाले."

"आणि आता?" नीलने विचारलं. "आताच्या माराने काही वाढलं?"

"ते सोमवारी, फोटो काढल्यावर." जोएल त्याच्या कानाजवळ आला. "मला कळलं, का मारलास ते. मी ऐकणार नव्हतो म्हणून. आणि माझं गुपितही सांगितलं नाहीस कुणाला. थँक्यू, गड्या."

त्याने नीलच्या पाठीवर थाप मारली आणि तो बाकाकडे गेला. नीलला काही बोलायला हवं होतं, पण तेवढ्यात पंचांनी चेंडू उचलला आणि रांग चालू लागली.

खोटं कशाला बोला, त्याला आनंद झाला. फार झाला. गवतावर पाऊल टाकलं आणि साडेतीन हजार माणसांचा आवाज पाठीवर आला, तेव्हा पोरीचं लग्न लागताना बापाचे व्हावेत तसे त्याचे डोळे भरून आले. स्टँडमधले म्हातारे 'आजोबा, आजोबा' ओरडू लागले, आणि त्यांतले निम्मे स्वतः सत्तरीतले होते. पहिल्याच मिनिटाला तो बचावातल्या मंडळींवर ओरडला तेव्हा स्वतःचाच आवाज ऐकून दचकला. इतका मोठा आवाज आपल्यापाशी आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

दहाव्या मिनिटाला चेंडू लांब गेला, तेव्हा त्याने मुख्य स्टँडकडे नजर टाकली. निळ्या कोटांच्या दोन्ही जागा रिकाम्या होत्या. ते निघून गेले होते. ज्याला बघायला आले होते तोच बाकावर बसलेला, मग थांबतील कशाला? नीलचं लक्ष तिकडेच अडकलं. पुढच्याच चढाईत चेंडू त्याच्या पायांमधून आत गेला. अडवता येण्याजोगा होता.

"होतं असं, आजोबा!" डॉम ओरडला. "पहिल्या चौदा वर्षांत एकच गोल खाल्लास!"

त्याला कसं कळलं, हे नीलला मध्यंतरात समजलं. कुणी तरी जुनी पुस्तकं चाळून सामन्याआधीच ते डॉमच्या कानावर घातलं होतं आणि कर्ण्यावरच्या माणसाला चिठ्ठी दिली होती. "सभ्य स्त्रीपुरुषहो," कर्णा सांगत होता, "आपले गोलकीपर नील ओल्डरॉइड आज वयाच्या पस्तिसाव्या वर्षी लीगमधला आपला पहिला सामना खेळत आहेत." सगळं मैदान उभं राहिलं. परके पाहुणेसुद्धा टाळ्या वाजवत होते. नील बाकासमोरून आत चालला होता. जोएल तिथेच बसला होता, आणि तो टाळ्या वाजवत नव्हता. एक हात बर्फात असल्यावर वाजवणार कशा, असं नीलने स्वतःला समजावलं.

उत्तरार्धात ब्रॅकेनशॉने एक गोल फेडला. सत्तराव्या मिनिटाला पाहुण्यांच्या उंच पोराने जवळून डोकं मारलं आणि नीलने तो चेंडू बोटांच्या टोकांनी आडव्या खांबावरून काढला. असा चेंडू त्याने उभ्या आयुष्यात अडवला नव्हता. डॉमने येऊन त्याचं टक्कल चोळलं. नील उठून उभा राहिला आणि काही विचार न करता बाकाकडे बघितलं. कुणाला तरी दाखवावंसं वाटलं म्हणून. जोएल त्याच्याकडेच बघत होता. चेंडू कोपऱ्यात गेला, खेळ सुरू झाला, सगळ्यांची तोंडं तिकडे वळली, तरी तो नीलकडेच बघत होता.

सामना एक-एक असा सुटला. ब्रॅकेनशॉ तेरावे ते तेरावेच राहिले.

कपडे बदलायच्या खोलीत गेल्या गेल्या कुणी तरी खुर्ची मधे आणून ठेवली. पहिला सामना खेळलेल्याने खुर्चीवर उभं राहून गाणं म्हणायचं, ही तिथली रीत. सतरा वर्षांच्या पोरांची रीत, पण पहिला तो पहिला.

"गाणं! आजोबा, गाणं!"

"त्याच्या जमान्यात गाणी होती का रे?"

"त्याला वर चढवा आधी. गुडघे सांभाळून."

त्या खोलीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. तिथे सरळ कुणी काही बोलत नाही. डॉमची बायको घर सोडून गेली, तेव्हा त्याने 'आता टीव्हीचा रिमोट माझ्याकडे' असं जाहीर केलं, आणि खोली हसून लोळली. मधल्या फळीतल्या एकाचा बाप वारला, तो अंत्यविधीहून परत आला तर त्याच्या बुटांत दाढीचा फेस भरलेला. ते त्याचं सांत्वन होतं, आणि त्याने ते तसंच घेतलं. जो जितका दुखावलेला, तितकी त्याने जास्त चेष्टा करायची. बारा-तेराव्या वर्षापासून अशा खोल्यांत वाढलेली माणसं ती. त्यांना दुसरी भाषा येत नाही.

नील खुर्चीवर चढला. घामेजलेले, चिखलाने माखलेले चेहरे त्याच्याकडे बघत होते. दारापाशी गॅफर उभा होता, आणि त्याच्या शेजारी जोएल, पट्टी बांधलेला हात छातीशी धरून.

"मला गाणं येत नाही," नील म्हणाला. "एक सांगायचंय."

"भाषण! भाषण!"

"जोएलला तो चेंडू मी मुद्दाम मारला."

कुणी तरी हातातला बूट खाली ठेवला.

"त्याचा हात दुखावलाय हे मला माहीत होतं. त्याने विश्वासाने सांगितलं होतं मला. मी डावीकडे मारला, जोरात मारला, कारण मला खेळायचं होतं. दुसरं काही कारण नव्हतं."

आणि खोली फुटली. डॉम तर हसता हसता बाकावरून खाली आला. कुणी टॉवेल फेकला, कुणी पाण्याची बाटली. "खुनी म्हातारा!" "चौदा वर्षं टपून बसला होता!" "गॅफर, पुढच्या वेळी बाकावर बसवाल तर तुमचीही खैर नाही!" गॅफरसुद्धा हसत होता, खाली बघून. हसू ओसरल्यावर तो पुढे आला आणि नीलच्या पोटरीवर हात ठेवून म्हणाला, "पोराने मला सगळं सांगितलंय. त्याचा हात वाचावा म्हणून तू काय केलंस ते. आणि वर स्वतःवर घेतोयस. पुढच्या वर्षी आपल्या कीपरांना शिकवायला माणूस हवाय मला. सोमवारी ये, बोलू."

"गॅफर, मी खरं सांगतोय."

"तेच तर," गॅफर म्हणाला. "तुझ्यासारखा माणूस हवा."

सगळे पुन्हा हसले आणि मग ज्याचा तो नळाखाली निघून गेला. कुणी तरी गाणी लावली. नील खुर्चीवरून उतरला आणि आपल्या जागेवर बसला. चौदा वर्षांत पहिल्यांदाच तो एका खोलीत मनातलं बोलला होता, आणि ते जसंच्या तसं त्याच्यापाशी परत आलं होतं.

बाकावर शेजारी कुणी तरी बसलं. जोएल.

तो हसला नव्हता. नीलने खुर्चीवरून ते पाहिलं होतं. सगळ्या खोलीत न हसलेला तो एकटाच.

"खरंय ना ते?" जोएलने विचारलं.

"हो."

"मी बोळात तुला थँक्यू म्हणालो, तेव्हा बोलला नाहीस."

"नाही."

जोएलने पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं. नळांचा आवाज येत होता, वाफ खोलीभर झाली होती, आणि आत कुणी तरी बेसूर गात होतं.

"ते कर्ण्यावर सांगितलं तेव्हा मला कळलं," तो शेवटी म्हणाला. "मला वाटायचं, तू दोनतीनशे तरी सामने खेळला असशील. तू गाडीत बाकीच्यांच्याच गोष्टी सांगायचास. हा कीपर असा होता, तो तसा होता." त्याने नाक ओढलं. "आणि आज तू खेळणार होतास. गॅफरने तुला शब्द दिला होता. डॉम म्हणाला आत्ता."

"हो. शुक्रवारपर्यंत."

"माझ्यामुळे गेलं ते."

"तुला काय माहीत होतं?"

"तेच म्हणतोय मी!" जोएलचा आवाज चढला आणि दोघातिघांनी वळून पाहिलं. तो पुन्हा हळू झाला. "आठ महिने तुझ्या शेजारी बसतोय मी. माझ्या आईचं गुडघ्याचं दुखणं तुला माहितीये. तू सांगितलं असतंस तर मी फिजिओला हात दाखवून बाकावर बसलो असतो का, ते मला माहीत नाही. नसतो कदाचित. पण तू सांगायचंस ना. एकदा तरी तोंड उघडून मागायचंस."

नीलने 'बरोबर आहे' म्हणायला तोंड उघडलं आणि ते त्याला म्हणवेना.

जोएल उठला नाही. तो तिथेच, हात छातीशी धरून, उत्तराची वाट बघत बसला. नील बुटाची नाडी सोडत होता. ती सुटून बराच वेळ झाला होता.